कुटकीचा काढा आणि सातच्या आतला आकडा

१२ जानेवारी, रविवार
तीन महिन्यांची साखर ८.१. वाईच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन २७ एप्रिलला. मी सातवीतली कविता म्हणणार. संमेलन भरवणाऱ्या गुरुनाथने पत्रिकेत नावही छापलंय. पण नलिनीची अट: एप्रिलच्या टेस्टमध्ये आकडा सातच्या आत आला, तरच चंडीगढ सोडायचं. बायको नव्हे, चेकपोस्ट.

१३ जानेवारी
नात स्वानंदी इथल्याच सेक्टर ३९मधल्या लॅबमध्ये कुटकीसारख्या औषधी मुळांच्या अर्कांवर रिसर्च करते. अर्कात अँटीऑक्सिडंट असेल तर लॅबमधलं जांभळं पाणी पिवळं होतं म्हणाली. जांभळ्याचं पिवळं म्हणजे आमच्या कृष्णाकाठची पहाटच की. साखरेचं विचारलं. तिला मराठी कळतं, बोलणं हिंदीत: "आजोबा, चूहों में थोड़ा असर दिखा है।" उंदीर सुधारतो, तर निवृत्त हेडमास्तर का नाही?

१९ जानेवारी
बसने पिंजौर. जडीबुटीवाल्याकडून पाव किलो कुटकीची मुळं. उद्यापासून काढा. नियमित. पक्का.

२० जानेवारी, सकाळी ६
कडूपणा कानापर्यंत गेला. आई कडू औषधावर गुळाचा खडा द्यायची. परंपरा मोडणारा मी कोण?

२ फेब्रुवारी
डोस दुप्पट केला. ओघाने गूळही. शेजारच्या कौर मॅडमनी पिन्न्यांचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा दिला. पिन्नीत अळशी असते. म्हणजे तीही औषधीच.

२३ फेब्रुवारी
स्वानंदीने माझी मुळं लॅबमध्ये तपासली. पाणी पिवळं झालं. जेवताना उभं राहून दोन कडवी म्हटली. ती म्हणाली, असं पिवळं तर चहानेही होतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? लगेच दोन कप घेतले.

१६ मार्च
बोट टोचून पाहिलं: २१०. मशीन जुनं झालंय. गूळ एवढा जातो कुठे, असं नलिनीने विचारलं. चंडीगढमध्ये मुंग्या फार, असं सांगितलं.

११ एप्रिल
कालपासून कडक उपास. नुसता काढा, तोही बिनगुळाचा. मशीनवर ११२. मशीन सुधारलं. झब्बा इस्त्री करून बॅगेत ठेवला.

१२ एप्रिल
रिपोर्ट ९.२. लॅबची चूक असणार. स्वानंदी म्हणते, ही टेस्ट दोन दिवसांचा उपास धरत नाही, तीन महिन्यांचं सगळं धरते. काढा कसा घेत होतात, असंही विचारलं. गुळासकट पूर्ण पद्धत सविस्तर सांगितली, एखाद्या पेपरात उपयोगी पडेल म्हणून. तिने पेन खाली ठेवलं. नलिनी गुरुनाथचा नंबर लावून आतल्या खोलीत गेली.

२५ एप्रिल, चंडीगढ स्टेशन
नलिनी निघाली. तीही त्याच शाळेची, एक वर्ष मागे. साखर ५.४. नव्या पत्रिकेत माझ्या जागी तिचं नाव. कविताही तीच म्हणणार. खिडकीशी वाकून बजावलं, तिसऱ्या कडव्याला जप, तिथे माझा आवाज नेहमी भरून येतो.

"भरून नाही हो येत," ती म्हणाली. "तुम्ही ते कडवं विसरता. पन्नास वर्षं मी मागून सांगतेय."

गाडी सुटली.

रात्री ८
तिसरं कडवं लिहायला बसलो. पहिल्या शब्दासाठी तिला फोन लावला. रेंज नाही.