मागच्या खोलीचा तक्ता

दादा,

तुझा कॉम्प्युटर नीट केलाय. तक्ते आता नोटपॅडमध्ये चिन्हांचा कचरा होऊन उघडणार नाहीत, सरळ एक्सेलमध्ये उघडतील. व्हायरस वगैरे काही नव्हता. कधीतरी चुकून नोटपॅड निवडून 'नेहमी हेच वापरा' यावर टिक तूच केली होतीस. आठ दिवस वहिनीच्या नावानं खडे फोडलेस, ते फुकट गेले.

जमलं की नाही बघायला डेस्कटॉपवरची पहिलीच फाइल उघडली. 'मागची खोली रिकामी करणे'. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. चष्मा तूच नवा करून दिलायस, त्यामुळे तिला सगळं स्वच्छ वाचता आलं. पलंग: विकणे. शिलाई मशीन: भंगारात. कपाट: मुलीच्या खोलीत. आई: छोटीकडे. आरसा: फुटका, टाकणे.

निदान तिला सगळ्यात वर तरी लिहायचंस रे. कपाट आणि आरशाच्या मध्ये घातलीस.

मी तिला घेऊन चाललेय. औषधांचा डबा घेतलाय. मशीन न्यायला संध्याकाळी टेम्पोवाला येईल, त्याला अडवू नकोस. फोनही करू नकोस. ती बोलणार नाही आणि माझं बोलणं तुला झेपणार नाही.

निघताना तिनं एका बोटानं टाइप करत तुझ्या तक्त्यात शेवटी एक ओळ वाढवलीय. वस्तूच्या रकान्यात लिहिलंय, 'थोरला मुलगा'. त्याच्यासमोर, 'इथेच राहू दे. नेण्यासारखं काही नाही.'

सेव्ह केलंय.

छोटी