अक्कलकुव्याहून आणलेला डेस्कटॉप

१५ सप्टेंबर
टायपिंगच्या क्लासला आज पुन्हा रांग. सहा मशीन, त्यातलं एक बंद, आणि आम्ही एकवीस जण. माझ्या वाट्याला पंचवीस मिनिटं. स्पीड १९. सर म्हणाले, "मॅडम, घरी मशीन घ्या. इथल्या अर्ध्या तासावर तीस होत नसतं. लॅपटॉप नको, मोबाईल तर नकोच. परीक्षेला डेस्कटॉप असतो, बोटांना तोच बोर्ड पाहिजे." सांगायला त्यांचं काय जातं.

हे गेले, ह्यांच्या जागी मी लागले, त्याला फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तोवर मराठी टायपिंगचं, मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट दिलं नाही तर नोकरी गेली. अनुकंपा वगैरे मग कोणी बघत नाही. दोनदा नापास झालेय. डिसेंबरची परीक्षा शेवटची. घरात मी, तन्वी आणि सासूबाई, आणि पगार हा एवढाच.

१८ सप्टेंबर
ऑफिस सुटल्यावर बाजारात शेठच्या कम्प्युटरच्या दुकानात. नव्या सेटची किंमत सांगितली तेव्हा मी आधी वर पंख्याकडे पाहिलं. शेठ मारवाडी, पण नंदुरबारातच जन्मलेला, माणूस बरा. म्हणे, "भाभी, जुना घ्या. पण तीन गोष्टी. एसएसडी आहे का विचारा. रॅम किती ते पडद्यावर स्वतः बघा. आणि बंद मशीनला हात लावू नका, कितीही स्वस्त देवो." स्वतःकडे जुना एकही नाही, सुरतहून गाडी येईल तेव्हा. कधी येईल ते गाडीलाच ठाऊक.

२१ सप्टेंबर, रवि.
भावासोबत, गोकुळसोबत, विसरवाडीला. हायवेवर कोणाचं तरी ऑनलाइन फॉर्मचं दुकान बंद होतंय, तिथला कम्प्युटर विकायचाय म्हणून. ट्रकांची धूळ बोटभर. मालक म्हणाला, लाइट नाही म्हणून चालू करून दाखवता येत नाही. समोर वडेवाल्याचा पंखा फिरत होता. गोकुळने डबा उघडला तर आत रॅमच नाही. मालक म्हणतो, "तेवढी टाकली की पळतो." गोकुळ त्याच्या तोंडावर म्हणाला, "आक्का, हाई ते नुसतं डबडं शे. चाल घर."
येताना दोघं भांडलो. त्याची चूक काहीच नव्हती.

२७ सप्टेंबर
मोबाईलवर एक जाहिरात. फोटो छान, किंमत निम्मी. फोन केला तर म्हणे मी फौजी आहे, बदली झालीय, आधी गाडीभाडं पाठवा. तन्वीने फोन हिसकावून बंद केला. नववीतली पोर मला अक्कल शिकवते. बरोबर होती, म्हणून जास्त राग आला.
स्पीड २१.

२ ऑक्टोबर
ग्रुपवर फोटो. डेस्कटॉप विकणे, अक्कलकुवा, एसएसडी, आठ जीबी, यूपीएससकट. फोनवर बाईचा आवाज, मोजकं बोलणारी. रविवारी येते म्हटलं.

५ ऑक्टोबर, रवि.
आणला.
गोकुळच्या पिकअपने गेलो. घर मोलगी रस्त्याला, दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण. बाई माझ्याच वयाची, नाव रमिला. मशीनवर ओढणी घातलेली. चालू केलं तर भाकरी उलटायच्या आत पडदा उजळला. रॅम बघितली, बरोबर. चीज चांगली आहे हे पहिल्या नजरेत कळलं. पण वस्तू आवडली की माझं तोंड उलट चालू होतं, मंगळवारच्या बाजाराने लावलेली खोड. मॉनिटर जुना म्हटलं. आवाज करतो म्हटलं. मग कीबोर्ड दिसला. निम्मी अक्षरं पुसलेली. मी म्हटलं, "हा तर फेकायचाच. अक्षरं सुद्धा शिल्लक नाहीत. हजार कमी करा." बाई बोर्डकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." मी गोकुळकडे पाहून डोळा मारला. हो, मारला. लिहायला लाज वाटते.

गोकुळ दोर बांधत होता. मी चहा घेत बसलेले, बोटं नेहमीसारखी पर्सवर चाललेली. ती टक लावून बघत होती.
"ताई, तुम्ही पण अनुकंपावाल्या का?"
"कसं ओळखलं?"
"बोटं. मी पण भाकरी थापायची सोडून परातीवर असंच करायची."

नवरा आरोग्य खात्यात होता. अपघातात गेला. तिला त्याच्या जागी घेतलं, तीच अट. तीनदा बसली. मुदत ऑगस्टात संपली, कमी केलं. म्हणाली, "घरी तीस यायचं मला. तिथं घड्याळ सुरू झालं की बोटं लाकडाची. आमच्या घरात भिली बोलतात ताई, मराठी शाळेतली. लिहिलेलं वाचू की बोटं बघू, त्यात वेळ जातो." वर अर्ज केलाय, कोणी उत्तर देत नाही. मुलीचं शाळेचं भरायचंय म्हणून विकतेय.

कमी केलेले हजार माझ्या पर्समध्येच होते. द्यायला हवे होते. गोकुळने हॉर्न वाजवला आणि मी उठले.

७ ऑक्टोबर
सासूबाईंना गोकुळने सगळं सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही त्याच्या. सकाळपासून त्यांचं चालू, "त्या बाईनी नोकरी गई, तेच मशीन घरमा कसाले आनं? तुले दुसरं भेटनं नही?" मी पण तडकले. म्हटलं, नवा काय तुमचा लेक आणून देणार होता?
तोंडातून गेलं. त्या उठून आत गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत. त्यांचा लेक, माझा नवरा, एकच माणूस, आणि मी त्याचा असा वापर केला. संध्याकाळी पाय धरले तर म्हणाल्या, "जाय, बठ तुन्हा मशीनवर."

१८ ऑक्टोबर
उद्यापासून दिवाळीची सुटी. चार दिवस सलग बसता येईल.
सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी नोंद सापडली. रमिलाची. रोजची तारीख, रोजचा स्पीड, दीड वर्षाचा. एकही दिवस सुटलेला नाही, होळीचा सुद्धा नाही. उन्हाळ्यापर्यंत सत्तावीसवर अडकलीय, मग २९, ३०, जुलैत दोनदा ३१. खोटं बोलत नव्हती बाई. तन्वी म्हणाली, "पुसून टाकू का? तुझं नाव टाकू?" मी म्हटलं राहू दे.
आणि मला भीतीच वाटली. एकतीसवाली नापास होते तर माझं काय?

१२ नोव्हेंबर
२७. पहिल्यांदाच. पहाटे पाच ते साडेसहा, आणि ऑफिसहून आल्यावर दोन तास. पाठीचं वाटोळं झालंय, मिरचीचा हंगाम सुरू झाल्यापासून हवेतल्या तिखट खकाण्याने खोकला वेगळाच. पण जमेल असं पहिल्यांदा वाटलं. सासूबाई हल्ली मशीनला शिव्या देत नाहीत, मी बसले की टीव्ही बंद करतात.
क्लास सोडला. तिथे मशीन तीनच राहिलीत.

१९ नोव्हेंबर
रमिलाचा फोन. आवाज ओळखू येईना, इतका आनंदात. अर्ज मंजूर झाला. शेवटची एक संधी, ह्याच डिसेंबरच्या परीक्षेची. फॉर्म तिने आशेवर आधीच भरून ठेवलेला. म्हणाली, "ताई, तीन आठवडे मला मशीन द्याल का? परीक्षा झाली की मी स्वतः आणून देते. नाहीतर पैसे परत घ्या, भावाकडून घेऊन देते. इथं कुठंच मशीन नाही, क्लास बंद पडलाय."
मी म्हटलं, बिघडलाय.
असंच म्हटलं. विचार केला नाही, कोणी बोलायला लावलं नाही. "चालूच होत नाही, दुकानात टाकलाय, मदरबोर्ड गेलाय म्हणतात." मदरबोर्ड गेला हे सुद्धा जोडलं वरून.
ती म्हणाली, "माझ्याकडे तर नीट होता ताई."
फोन ठेवून वळले तर तन्वी दारात. तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आजीजवळ जाऊन बसली.

२० नोव्हेंबर
२४. कालपर्यंत २८ होते. बोटं ऐकत नाहीत.

२१ नोव्हेंबर
ऑफिसातून लवकर निघून शेठकडे. म्हटलं कसाही द्या, जुना, पण चालू. तिच्यासाठी घ्यायचा, हप्त्याने, पगारातून. तिला म्हणायचं हा घे, आणि बिघडल्याची गोष्टच तिथे संपवायची. शेठ म्हणे, "दिवाळीत सगळा माल गेला. सुरतची गाडी दहा तारखेनंतर." परीक्षा आठला. शहाद्याला दोन दुकानांत फोन केले. एकाकडे मशीन आहे, मॉनिटर नाही. दुसऱ्याकडे आहे, तो आगाऊ सगळे मागतो, आणि चालू करून दाखवत नाही. कळसाडीच्या सोसायटीत जुना पडलाय म्हणून गोकुळला पाठवलं, त्यात उंदरांनी वायरी खाल्लेल्या.
सप्टेंबरमध्ये स्वतःसाठी इतकी फिरले नव्हते.

२३ नोव्हेंबर, रवि.
खरं सांगून टाकावं आणि म्हणावं, इथे येऊन राहा, सकाळी तू बस, संध्याकाळी मी बसते. फोन हातात घेतला दोनदा. पण आता काय तोंडाने? खोटं बोलले नसते तर हे त्याच दिवशी बोलता आलं असतं. आणि मनातलं खरं लिहायचं तर वाटूनही घ्यायचा नाहीये मला. दोन तास कमी झाले तर मी तीसला पोचत नाही. तन्वीची दहावी पुढच्या वर्षी आहे. मी वाईट आहे का? ऑफिसातल्या कोणालाही विचारलं तर म्हणतील, तुम्ही पैसे मोजून घेतलाय. मोजून घेतलाय खरा.

२६ नोव्हेंबर
पुन्हा रमिलाचा फोन. मला वाटलं आता मागणार. तर म्हणे, "ताई, आठवडाभर झोप नाही. विकून दोन महिने नाही झाले आणि बंद पडला. तुम्ही माझ्या भरवशावर घेतला. तुमची पण परीक्षा हीच आहे ना? पैसे जमवलेत. रविवारी येते घेऊन. तुम्ही लगेच दुसरा घ्या."
मी नको नको म्हणत राहिले. ती ऐकेना. "बिघडलेला माल दिला असं नको व्हायला." मग मीच विचारलं, तू सराव कशावर करतेस? तर पुठ्ठ्यावर बोर्ड काढलाय म्हणाली, त्यावर.
संडासात जाऊन रडले, म्हणजे सासूबाईंना ऐकू जायला नको. त्यांना गेलंच.

२७ नोव्हेंबर
सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं बोलतील. तर म्हणाल्या, "तू ते तन्वीसाठीच बोलनी ना?" हो म्हटलं. नंतर वाटलं, त्यात तन्वीला कशाला ओढलं? भीती माझी होती.

२९ नोव्हेंबर
२९. दोनदा. एक कमी.

३० नोव्हेंबर, रवि.
सकाळी सहाला बसले, पुन्हा २९. साडेआठला रमिलाचा फोन, तळोद्याला गाडी थांबलीय म्हणून. सासूबाई उठल्या, गोधडी काढून आणली आणि माझ्यापुढे धरली. "मशीन मागनी खोलीमा ठेव, हाई टाकी दे वर. बाई उनी, चहा पिनी, गई. तू काही बोलू नको." ज्या बाईला हे मशीन घरात नको होतं, ती माझ्यासाठी ते लपवायला निघाली. मी गोधडी घेतली.

मशीन उचलायला वाकले आणि तशीच बसले खुर्चीत. पैसे तर मी घेणारच नाही, ते ठरलंय. पण तेवढ्याने काय होतं? ती पुठ्ठ्याकडे परत जाईल आणि मी ह्याच्यावर बसेन.

नऊ दहाला पुन्हा फोन. "हातोड्याचा पूल आला ताई. स्टँडवरून कसं यायचं?" सांगितलं. रिक्षावाल्याला पाण्याच्या टाकीमागची गल्ली म्हणायचं, निळं दार. नीट सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, "घरचं आमचूर आणलंय थोडं. असा माल देऊन रिकाम्या हाताने कशी येऊ?"

सासूबाई चहाचं आधण ठेवून बसल्यात, माझ्याकडे बघत नाहीत. हे लिहितेय ते नुसतं हातांना काहीतरी हवं म्हणून. मशीन चालू आहे, पडद्यावर सकाळचा परिच्छेद तसाच उघडा. गल्लीत रिक्षा वळली, आमच्याकडेच असावी. तन्वीने माझ्या मांडीवरची गोधडी उचलली आणि मशीनजवळ जाऊन उभी आहे.
"आई, झाकू?"