शेवंताचं ताट

रविवार, संध्याकाळ. नेरळ.

कळंबच्या नाक्यावर आज आमच्या गटाने रचलेली ताटांची चवड उभी राहिली. लग्नाच्या हॉलमागे फेकलेली प्लास्टिकची ताटं धुऊन, तारेत ओवून, दोन पुरुष उंच. लोकांनी बघावं आणि पुढच्या लग्नात असली ताटं आणू नयेत, एवढंच. लोक थांबले, फोटो काढले, गेले. असो.

पण ती भाजीवाली मावशी! एकेक ताट उलटं करून बघायला लागली.
"काय शोधताय, मावशी?"
"नाव गं. कोनाची हायत ही?"
"कोणाचीच नाहीत."

मीच म्हणाले, आणि तेव्हापासून कशात मन लागत नाही.

पूर्वी लग्नाला घरोघरची ताटं गोळा व्हायची, मागे नाव कोरलेली. कार्य उरकलं की ताट उलटं करायचं, नाव वाचायचं, ज्याचं त्याला द्यायचं. ताईच्या लग्नात घोटाळा झाला. शेजारच्या शेवंताचं ताट आमच्याकडे राहिलं, आमचं तिच्याकडे गेलं. बदलून घ्यायचं कोणी मनावरच घेतलं नाही. शेवंता लग्न होऊन खोपोलीला गेली, तरी माहेरी आली की आमच्या दारातूनच ओरडायची, "ताट न्यायला आलेय गं!" त्याच ताटात जेवायची आणि न नेता जायची. मग हळूहळू येणंच थांबलं. भांडण नाही, काही नाही. फोन करायचं कितीदा ठरवलं, पण इतक्या वर्षांनी बोलायचं काय?

आत्ता त्याच ताटात जेवले. घासताना उलटं केलं. नाव झिजलंय, बोटाला अजून लागतं.

सुचलं काय बोलायचं ते. "शेवंता, आमचं ताट न्यायला येतेय गं."

आणणार मात्र नाही.