विमानाच्या कापडाची काटकसर

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही. वही निदान उलट उत्तर देत नाही. शाळा तिसरीपर्यंतच झाली, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय. असू दे, वाचणारी मीच.

नात घरी बसून विमानं करते. खरी नाहीत, कॉम्प्युटरमधली. खेळणी म्हटलं की फणकारते. विमान शिकणारे लोक आधी म्हणे कॉम्प्युटरपुढे बसून चालवतात, पडलं तरी कोणी मरत नाही. त्याला सिम्युलेटर म्हणतात. तर ती विमानं हुबेहूब दिसायला हवीत. कुठे रंग फाटलाय, कुठे खिडकी तिरकी, कुठे चाक जमिनीत अर्धं बुडालंय, हे शोधून नीट करायचं. म्हणजे अल्टरेशन. मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. मला कोणी अल्टरेशन शिकवू नये.

या वेळचं विमान मोठ्या कामाचं. वैमानिक तयार करणाऱ्या एका शाळेला वीस तारखेपर्यंत द्यायचंय. पसंत पडलं तर पोरीला तिथे कायमची नोकरी. जेवताना घास नाकात जातो, नजर विमानावर.
संकल्प : मी मध्ये मध्ये करणार नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी
एकदाच डोकावले. विमानाच्या पोटाखाली निळा पट्टा दोन्हीकडून येतो आणि भेटत नाही. बोटभर वरखाली. शिवणीवर पट्टा जुळला नाही म्हणजे कारागीर डुलक्या काढत होता. हे मी अगदी प्रेमाने सांगितलं. नात म्हणाली, अगं आजी, तीन दिवस बघतेय, मला कसं दिसलं नाही! आणि माझा गालगुच्चा घेतला.
आता मला या कामावरून कोण काढतंय बघू.

७ फेब्रुवारी
दोषांची यादी केली. तेवीस निघाले. वैमानिकाच्या खुर्चीला उशी नाही. चाकं मळकी. इंजिनाखाली तेलाचे ओघळ, बघवत नाहीत. नात म्हणाली, मळ मुद्दाम लावलाय, खरी विमानं मळकीच असतात. त्यात दोन दिवस गेले म्हणे तिचे. स्वतःचा कप विसळत नाही आणि विमान मुद्दाम मळवते! असं करत करत यादीतला एकच दोष उरला, पट्ट्याचा. बाकीचे बावीस तिला कळायला वय लागेल.
सूनबाई म्हणाली, आई, तिला काम करू द्या की. करूच तर देतेय. काम म्हणजे काय ते सांगत बसले होते.

९ फेब्रुवारी
आज मोठीच गोष्ट कळली. विमानाचा रंग विमानावर नसतो! एका वेगळ्या चौकोनी फोटोत विमानाची कातडी सोलून सपाट पसरलेली असते. इथे दार, तिथे शेपटी, कोपऱ्यात चाकाचं रबर. थेट बेतलेलं कापड हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर हेच केलं, कोणी सांगितलं नाही की विमानाचं काम करतेयस.
पण बेतायची पद्धत! दोन तुकड्यांमध्ये हातहातभर जागा मोकळी. एवढ्यात पहिलीच्या वर्गाच्या चड्ड्या निघाल्या असत्या. बोलले नाही. संकल्प आठवला.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३
नात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सूनबाई बँकेत. चिरंजीव कामावर. कॉम्प्युटर उघडाच.
फोटो कापायचे आणि चिकटवायचे कसे ते नातीनेच शिकवलंय मला. सगळे तुकडे सरकवून एकमेकांना भिडवले. शेपटीच्या बगलेत दार बसवलं. खिडक्यांची पट्टी आडवी होती, उभी केली. चाळीस मिनिटं लागली. तिसरा हिस्सा कापड वाचलं. सेव्ह केलं. कोणाला सांगणार नाही. पोरीला आपोआप दिसेल आणि ती चाट पडेल.

१३ फेब्रुवारी
काल डॉक्टरने डोळ्यांत औषध घातल्यामुळे नातीला अजून धूसर दिसतंय. तेवढ्यात शाळेतल्या कॅप्टनचा फोन. रिटायर्ड वैमानिक, तिथे शिकवतात. म्हणाले, झालंय तेवढं दाखवायला पाठव. तिने न उघडता पाठवून दिलं. नशीब बघा, माझी सुधारणा थेट वरच्या साहेबांकडे!

१४ फेब्रुवारी
कॅप्टनने बारा विद्यार्थ्यांपुढे मोठ्या पडद्यावर विमान लावलं. दार शेपटीवर. खिडक्या पोटाला. नाकावर चाकाचं रबर. म्हणाले, तीस वर्षं विमानं उडवली, पण असलं पाहिलं नाही. मला आधी हे कौतुकच वाटलं.
नात बाथरूममध्ये कडी लावून रडली. चिरंजीव विचारत सुटले, कोणी हात लावला. मी म्हटलं, मांजर असेल. आपल्याकडे मांजर नाही, हे सूनबाईने लगेच लक्षात आणून दिलं. मग सांगितलं. कापड वाचवलं म्हणून सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सूनबाईला टोमणा सुचला नाही.
नातीने शांतपणे समजावलं, तेच जास्त लागलं. म्हणाली, आजी, विमानाच्या प्रत्येक भागाला कापड कुठून घ्यायचं ती जागा पाठ असते. तू कापड हलवलंस, तरी तो जुन्याच जागेवरून घेतो. मी म्हटलं, मग मठ्ठ विमान आहे, मी नाही. ती हसली नाही.
कॅप्टनने मुदत वीसचीच ठेवलीय. पुन्हा चुकलं तर नको म्हणाले.
मी आजवर कोणाचा गणवेश बिघडवला नाही. (खोटं. एकदा दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या होत्या. पोरगं वर्षभर तसंच वावरलं.)

१७ फेब्रुवारी
जुनी प्रत सापडली, पण दोन आठवड्यांपूर्वीची. मळ पुन्हा लावायचा, काचा पुन्हा, पट्टाही पुन्हा. नातीचे डोळे टोमॅटो झालेत. मला खुर्ची दिलीय, टेबलापासून चार पावलं लांब, हात मांडीवर ठेवायचे. देखरेखीला माणूस लांबच बसवतात.
एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, पट्टा मधोमध जुळवून घे आणि राहिलेला फरक पंखाखाली ढकल, तिथे कोण बघतंय. तिने वळूनही बघितलं नाही. पण तसंच केलं.

२० फेब्रुवारी
पाठवलं. पाठवण्याआधी चार वेळा उघडून बघितलं. पाचव्यांदा बघताना माझ्याकडे बघितलं.

२२ फेब्रुवारी
पसंत! नोकरी पक्की! पोरीने मला उचलून गरगर फिरवलं, कंबरेत उसण भरली, पण काय आनंद! कॅप्टनने मळ, काचा, चाकं सगळ्यांचं कौतुक केलं. पट्ट्याबद्दल अवाक्षर नाही. जुळलेला पट्टा कोणाला दिसत नसतो. मला दिसला.
पुढच्या आठवड्यात दुसरं विमान येतंय. माझी तयारी आहे.

२ मार्च
नवं विमान आलं. सहज बघायला बसले तर कॉम्प्युटर गुप्त शब्द मागतो! नातीला विचारलं. म्हणाली, चोरांसाठी लावलाय. हे बरं केलं, एवढं मोलाचं काम. म्हटलं, मग मला सांगून ठेव. तर म्हणाली, विसरले. चिरंजीवांना विचारलं, तेही विसरले. सूनबाईला तर म्हणे कधी माहीतच नव्हता, आणि हे सांगताना हसत होती.
तिघंही धडधाकट, आणि एकालाही एक शब्द लक्षात राहत नाही. या घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस मी एकटीच उरलेय.