राखणीला उभी असताना

चाकूर, जि. लातूर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सिंधू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? ओळखलंच असशील. नववीत तुझी गणितं माझ्या वहीत आणि माझे निबंध तुझ्या वहीत असायचे. शरणप्पा गुरुजी दोन्ही वह्या शेजारी ठेवून म्हणायचे, 'एक तरी चूक येगळी करा गं.' सतरा वर्षं झाली, पण अक्षर तेच आहे. बाकी बरंच बदललं. केस पांढरे व्हायला लागलेत आणि आता मलाच लोक म्याडम म्हणतात.

तुझा पत्ता वैजनाथने दिला. दिवाळीनंतर चाकूरच्या बसस्टँडवर एक मिशीवाला माणूस समोर येऊन उभा राहिला आणि 'पंचीताई न्हवं का?' म्हणाला. मी घाबरलेच. ज्याचं नाक आपण आपल्या ओढणीला पुसायचो तो तुझा धाकटा भाऊ हा, यावर विश्वास बसेना. मग तिथेच उभ्या उभ्या दोन कप चहा झाले. तू उदगीरला असतेस, घरातच दोन मशिनी टाकल्यात, शाळांचे गणवेश शिवतेस, हे त्याने सांगितलं. आणि हेही की, तू प्रत्येक स्कर्टला खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवतेस, पोरगी वाढली की उसवून लांब करता यावा म्हणून. तो हे कौतुकाने सांगत होता. मी मात्र कप खाली ठेवला. ते तू का करतेस हे त्याला माहीत नसेल, तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

त्याने तुझा फोन नंबरही दिलाय. तरी पत्र लिहितेय. फोनवर तू पहिल्याच मिनिटाला 'जाऊ दे गं पंचे' म्हणशील आणि मी सुटेन. मला तसं सुटायचं नाही.

माझं थोडक्यात सांगते. डी.एड. झालं, मग बरीच वर्षं वाट पाहिली आणि सहा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेत लागले. चाकूरजवळच्या एका गावात आठवीपर्यंतची शाळा आहे. जूनपासून प्रभारी मुख्याध्यापिका आहे, म्हणजे काम दोघींचं आणि पगार एकीचा. नवरा आनंदराज लातूरला वीज खात्यात आहे. एक मुलगा आहे, आगाऊ आहे. आई मागच्या वर्षी गेली. तुला कळवायला हवं होतं. कोणत्या तोंडाने कळवू, या विचारात तेरावा महिना आला.

आईवरून आठवलं, ती शाळेत रांधायची त्या खिचडीची खरवड तुला आठवते? सगळ्या पोरांचं जेवण झालं की आई मोठ्या पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड उलथण्याने काढून आपल्या दोघींसाठी कागदावर ठेवायची. तू पाटलाची पोर, घरी दूधदुभतं, आणि भांडायचीस माझ्याशी खरवडीवरून. तुमच्या घरी मला पाणी ओट्यावर मिळायचं, वेगळ्या पेल्यात. तू मुद्दाम तोच पेला माझ्या हातातून घेऊन उरलेलं पाणी प्यायचीस. काकू आत जाईपर्यंतही थांबायची नाहीस. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही, मला वाटायचं तुला तहान लागली असेल. तुला खरंच लागलेलीच असायची म्हणा, कारण शाळेत आपण कुणीच पाणी प्यायचो नाही. प्यायलं की बाभळीत जावं लागायचं.

आणि मग अमरेश सर आले. नांदेडच्या कुठल्याशा संस्थेकडून, खांद्याला झोळी आणि झोळीत सहा कॅमेरे. दोघींत एक कॅमेरा, एका कॅमेऱ्यात एक रोल, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. सर म्हणाले, शाळेत तुमचं काय काय अडतं ते बोलून दाखवू नका, काढून दाखवा. पहिला आठवडा तर रिकाम्या कॅमेऱ्यानेच सराव केला. तू शेरडांचे, गुरुजींच्या सायकलीचे, झोपलेल्या शिपायाचे इतके 'फोटो' काढलेस की रोल घातल्यावर शिपाई उठून केस विंचरून बसला. खरे छत्तीस हातात आल्यावर मात्र आपल्या दोघींचा हात आखडला. एकेक फोटो काढायच्या आधी मांजरासारख्या घुटमळायचो. गळक्या पत्र्याखाली ठेवलेली घमेली. पांढरा पडलेला फळा, ज्याच्यावर खडूने लिहिलेलं दुसऱ्या बाकावरूनही दिसत नसे. आणि तू काढलेला आईचा फोटो, उघड्यावरच्या चुलीपुढे धुरात बसलेली. तू तिला आधी विचारलंस, 'काकू, काढू का?' आईने पदर सारखा केला, कपाळावरचा घाम पुसला आणि चुकून हसली. सिंधे, ती गेल्यावर भिंतीवर लावायला दुसरा हसरा फोटो घरात नव्हता. ती आज तुझ्याच फोटोत आमच्याकडे बघते.

आता तेहतिसाव्या फोटोचं लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलेय ते त्यासाठीच.

मधल्या सुट्टीत पोरींनी जोडीने जायचं हा आपला नियम होता. एक आत जाणार, दुसरी वाटेकडे तोंड करून राखणीला उभी. कुणी पुरुष माणूस आला तर खोकायचं. त्या दिवशी तू गेलीस आणि मी राखणीला होते. गळ्यात कॅमेरा होता. तू बाटली घेऊन बाभळीकडे चालली होतीस, पाठमोरी, वरून ऊन, एका बाजूला अख्ख्या शाळेची भिंत आणि पुढे नुसते काटे. मी वाटेकडे पाठ केली आणि बटण दाबलं. विचारलं नाही. हाक मारली असती तर तू वळली असतीस आणि फोटो बिघडला असता, एवढाच विचार केला. सरांनीच शिकवलं होतं, चेहरा दिसता कामा नये, म्हणजे कुणाची ओळख पटत नाही. सर बिचारे नांदेडचे. गावात माणूस तोंडावरून थोडाच ओळखतात? चपलेच्या आवाजावरून ओळखतात. आणि तुझा तर स्कर्ट आखूड झाला म्हणून काकूंनी खाली स्वतःच्या जुन्या इरकल लुगड्याचा लाल काठ जोडला होता. निळ्या स्कर्टला लाल काठ. अख्ख्या तालुक्यात तसा एकच स्कर्ट होता आणि ते लुगडं काकूंनी गावातल्या प्रत्येक लग्नात नेसलेलं होतं.

ग्रामपंचायतीत सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले होते. खाली कुणाचंच नाव नव्हतं, तेही सरांनीच ठरवलेलं. शेषेरावकाका, तुझे आण्णा, शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणून पुढे तेच. हसत हसत एकेक फोटो बघत आले आणि तेहतिसाव्यापाशी थांबले. त्यांच्या मागे उभे असलेले लोकही थांबले. काका फेटा सावरत बाहेर पडले. मी खांबाच्या मागे उभी होते.

त्या रात्री तुमच्या घरी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी तू हौदापाशी एका दमात सांगितलंस. काकांनी विचारलं कुणी काढला, आणि तू म्हणालीस, मीच. कॅमेरा दगडावर ठेवला, घड्याळाचं बटण लावलं आणि चालत गेले. असं बटण आपल्या कॅमेऱ्याला होतं खरं. मी म्हणाले, अगं पण का? तू म्हणालीस, 'तुझी आय सैपाकाला हाय. आण्णाच्या हातात हाय ते.' एवढंच. तेवढ्यात गुरुजींनी मला कार्यालयात बोलावलं. काका खुर्चीवर बसले होते. ओरडले नाहीत. मला वाटतं त्यांना दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं, म्हणजे आपल्या पोरीने आपली अशी शोभा केली नाही, दुसऱ्या कुणी केली, असं. त्यांनी विचारलं, 'सिंधूनंच काढला म्हणती. हाव का गं?' खिडकीतून मला आई दिसत होती, तांदूळ निवडत बसलेली.

मी 'हाव' म्हणाले.

पुढचं तुला मी काय सांगायचं. सोमवारपासून तू शाळेत आली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं, तेव्हा मी दहावीचं पुस्तक उघडून घरात बसले होते आणि हलगीचा आवाज ऐकत होते. मला आमंत्रण होतं. वैजनाथ स्वतः अक्षता घेऊन आला होता. तू पाठवला असशील. मी आले नाही. आणि तोवर शाळेत पोरींसाठी चांगली दोन खोल्यांची मोरी, म्हणजे संडास, झाली होती, दाराला आतून कडी, बाहेर पाण्याची टाकी. शेषेरावकाकांनीच तालुक्याला, बिलोलीला चकरा मारून ती आणली. मी दहावीचं वर्षभर ती वापरली, सिंधू. पोटभर पाणी पिऊन वापरली. तुझ्यामुळे झालेल्या त्या मोरीत तू एकदाही गेली नाहीस, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. गणितात मात्र मी तुझ्यावाचून जेमतेम काठावर पास झाले, ही देवाने केलेली शिक्षा समज.

आता इथलं सांगते. यंदा मी माझ्या पोरींना तेच करायला लावलं. कॅमेरे कुठले, शिक्षकांचे जुने मोबाइल गोळा केले. शाळेत काय अडतं ते काढून दाखवा. आणि शिकवताना अमरेश सरांचा नियम मी बदलला. चेहरा झाकला की झालं, असं नाही. ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर पुसून टाकायचा. हा नियम कुठून आला हे पोरींना सांगितलं नाही. पोरींनी काय काय काढलं बघ. पुलाच्या वर थांबणारी आणि शाळेपाशी न थांबणारी एसटी. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसलेले तीन वर्ग. आणि आठवीतल्या सुकन्याने माझा फोटो काढला.

कार्यालयाच्या मागच्या खिडकीतून काढलाय. मी खुर्चीवर, पाठमोरी, अंबाडा, आणि शेजारी कपाटाच्या कडेला खिळ्यावर लटकलेली एक किल्ली, लाल दोऱ्याची. ती पोरींच्या मोरीची किल्ली. बाजाराच्या दिवशी बाहेरचे लोक घाण करतात म्हणून मीच कुलूप लावलं होतं आणि फर्मान सोडलं होतं की लागेल तेव्हा मागून न्या. कार्यालयात तीन गुरुजी बसलेले असतात. त्यांच्यासमोर येऊन कुठली पोर किल्ली मागेल? सहा महिने एकीनेही मागितली नाही आणि मला वाटत होतं, व्यवस्था छान चाललीय. हे मला कळायला नको होतं का? मला?

सुकन्या मोबाइल घेऊन समोर आली. म्हणाली, 'म्याडम, तोंड न्हाई दिसत, पण अंबाड्यावरून समदं गाव वळखंल. लावू का? न्हाई म्हणलात तर न्हाई लावत.' चौदा वर्षांची पोर, आणि विचारत होती. मी लाव म्हणाले. त्याच दिवशी कुलूप काढून टाकलं आणि किल्ली पोरींच्या हवाली केली, बाजाराच्या दिवशी त्यांनीच लावावं म्हणून. घरी येऊन आईची ट्रंक उघडली, आपले ते फोटो तिने तिच्यातच जपून ठेवले होते.

तीन जानेवारीला शाळेच्या ओसरीत प्रदर्शन आहे. पोरी हट्ट धरून बसल्यात की म्याडमनी लहानपणी काढलेला फोटोही सुतळीवर पाहिजे, ज्याच्यामुळे मोरी झाली तो. मी त्यांना गोष्ट तिथपर्यंतच सांगितली होती. पुढची अजून सांगितलेली नाही. म्हणून हे पत्र. पाकिटात तो तेहतिसावा फोटो आहे आणि कागदात गुंडाळलेली त्याची निगेटिव्ह. दुसरी प्रत जगात कुठे नाही, मोबाइलमध्येसुद्धा उतरवून ठेवली नाही. तू लाव म्हणालीस तर फोटो परत पाठव. मी तो लावीन आणि खाली लिहीन की हा पंचशीलाने काढला, राखणीला उभी असताना, न विचारता, आणि मग सगळ्या गावासमोर पुढची गोष्ट सांगीन. तुझं नाव सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. नको असेल तर दोन्ही चुलीत घाल, मी सुतळीवर तेवढा एक चिमटा रिकामा ठेवीन आणि कुणी विचारलं तर सांगीन की ज्या पोरीचा होता तिने नाही म्हटलं. लांबलचक लिहू नकोस, तुला निबंधाचा कंटाळा. सतरा वर्षांपूर्वी तुझ्याबद्दल एक शब्द मी बोलले होते. या वेळी तो तू लिही, हाव किंवा न्हाई.

खरवडीतला मोठा तुकडा अजून तुझ्यासाठीच काढून ठेवणारी, तुझीच,
पंची