उघडी झाकणं

माय, तू तर जितेपणीच विसरभोळी. चुलीवर दूध ठेवून शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसायची, आणि करपल्याचा वास आला की विचारायची, "कोणाचं वं जळून राह्यलं?" आता तर मरून इतकी वर्षं झाली, तिकडे तुला काय आठवणार? म्हणून पहिल्यापासून सांगते. मी सांगते आणि माझी धाकटी नात वहीत लिहिते. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. लिहू दे, कॉलेजात जाते बिचारी. आम्ही दोघी दवाखान्यातल्या बाकावर बसलो आहोत. थोरली सकाळपासून आत आहे, पहिलंच बाळंतपण. डॉक्टरीणबाई म्हणाली, कळा येतात पण बाळ पुढे सरकत नाही. चार वाजेपर्यंत वाट पाहू, नाहीतर पोट चिरून काढावं लागेल. भिंतीवरचं घड्याळ मला कळत नाही, तरी मी त्याच्याकडेच पाहते. "किती वाजले वं?" "आजी, आत्ताच तर विचारलं."

माझ्या पहिल्या वेळी गावची सुईण म्हणाली, अडली, घेऊन जा. आणि तू मला एसटीत घालून दवाखान्यात आणलंस. मी खाटेवर, तू पायाशी. आणि तू काय करतेस? गाठी सोडतेस. अडलेल्या बाईसाठी काही बांधलेलं, झाकलेलं, कुलपात राहू नये, हे तुझं शास्त्र. माझी वेणी सोडलीस, गाठोडं सोडलंस, तिथवर ठीक. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईची पिशवी सोडलीस. मग फायलीची नाडी. सारे कागद पंख्याखाली उडाले. नर्स ओरडली, "मावशी, काय करून राह्यल्या?" तू म्हणालीस, "बाई, तुमचा अंबाडाही सोडा नं जरासा." सारी खोली हसली. मी कळ दाबून म्हणाले, "माय, तू जाय घरी. मले तुयी लाज येऊन राह्यली." तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "हाव, घरची झाकणं राह्यलीच उघडाची." आणि निघालीस. अमडापूरची एसटी, पुढे शेतातली पायवाट. घरी जाऊन पिठाचा डबा, रांजण, पेटी, सगळं उघडं टाकलंस. इकडे लेक झाला तेव्हा माझ्या पायाशी कोणी नव्हतं. संध्याकाळी धापा टाकत परत आलीस तर पहिलं विचारलंस, "किती वाजता सुटली वं?" नर्सनं वेळ सांगितली तशी तू खूश. "बराबर! तवाच मी पेटी उघडली." तुला तरी कुठं घड्याळ कळत होतं!

आज सकाळी निघताना मी पेटीला कुलूप घातलं. हाताची सवय. इथं बाकावर कमरेला किल्ली टोचली तेव्हा ध्यानात आलं. गाठोडं मी केव्हाच सोडलं होतं, धाकटीची वेणीसुद्धा, तिला रागच आला. पण पेटी? जाऊन यावं तर आत थोरली "आजी" म्हणून हाक मारील आणि मी एसटीत बसलेली. न जावं तर बसवत नाही. चार वेळा उठले, चार वेळा बसले. तू तेव्हा दवाखान्याच्या फाटकापर्यंत कशी गेली असशील, हे आज कळतं. शेवटी धाकटीला सांगून लेकाला फोन लावला. तोच, ज्याच्यासाठी तू झाकणं उघडलीस; आता त्याचे केस पांढरे झाले आणि त्याची लेक आत आहे. डबा आणायला घरी गेला होता. म्हटलं, "सारी झाकणं उघड. पेटीचं कुलूप फोड."

"माय, पागल झाली काय? पिठात उंदरं पडतील."

"पडू दे. फोड."

मग फोनमधून दगडाचे ठोके ऐकू आले. धाकटीनं न सांगता वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवली.

त्या पेटीत तुझं लुगडं आहे. त्या दिवशी नेसली होतीस तेच, ठिगळाचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, बाळाला गुंडाळायला ठेवलेलं. माय, मला गाठींची लाज नव्हती वाटली. शेजारच्या बाईची माय कोऱ्या पातळात बसली होती, आणि तू गाठी सोडायला वाकलीस की पाठीमागचं ठिगळ दिसायचं. गाठी नुसतं निमित्त. तू समजलीस गाठींसाठीच धाडलं. की ठिगळाचं समजलं होतं तुला? तू विसरभोळी होतीस, पण बावळी नव्हतीस.

आतून अजून काही आवाज नाही. धाकटी विचारते, आजी, पाकीट आणू काय? नको. चिकटवलं की तेही बंदच झालं. वही अशीच उघडी राहू दे बाकावर. तुलाही कुठं वाचता येतं? आणि बाळंतिणीसाठी काही धाडायचंच असलं तर ज्वारीच्या कण्या धाड, पातळ, वर तूप. डब्याला झाकण लावू नको.