बाबांची पत्रकं छापायची आहेत

छोट्या,

बाबा सकाळी घराबाहेर पडले ते अजून परतले नाहीत. तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतेय. 'हरवले आहेत' म्हणून भिंतींवर लावायची पत्रकं छापायला घेतली, तर चार पानं निघाली आणि प्रिंटर अचानक बंदच पडला. कागद अडकलेला नाही, शाई आहे, वायरही काढून परत लावली. शेजारचे टायपिस्टकाका म्हणाले, "एखादं जुनं काम छपाईच्या रांगेत अडकलं असेल. ते काढल्याशिवाय पुढचं हलायचं नाही." तेवढं तू बघ. रांगेतलं सगळं रद्द कर आणि कॉम्प्युटर नि प्रिंटर दोन्ही बंद करून पुन्हा चालू कर. तुझी काही पानं त्यात असतील तर जाऊ देत.

फोटो बिनचष्म्याचा टाक, चष्मा इथेच राहिलाय. खाली ठळक लिही, की नावाने हाक मारली तर ते आता ओ देत नाहीत, 'मास्तर' म्हटलं की मात्र थांबतात.

दाराची कडी लावायला मीच विसरले. त्यावरून काय बोलायचं ते नंतर बोल. आईला सांगितलंय, की ते तुझ्याबरोबर आहेत. तेव्हा तिला जाग यायच्या आत पानं घेऊन बाहेर पड.

आत्ताच चौकीवरून फोन आला. कालव्याच्या काठी कुणाची तरी चप्पल सापडलीये. मी बघायला जातेय. माझ्यासाठी थांबू नकोस, पत्रकं लावायला लाग.

ताई